उत्तर द्यावंच लागेल असं निवेदन

आमच्या ग्रामपंचायतीच्या कपाटात एका साखर कारखान्याच्या सांडपाण्याबद्दलची तीन जुनी निवेदनं आहेत. तिन्हींना वर्तमानपत्राचं कात्रण टाचलेलं आहे. कात्रणातल्या फोटोत दहा-बारा जण एका ओळीत उभे, मधोमध साहेब आणि साहेबांच्या हातात कागद. पण एकाही निवेदनावर आवक क्रमांक नाही. दफ्तरात त्याची नोंदच नाही, त्यामुळे पुढं काय झालं हे विचारायलाही जागा उरली नाही. चौथ्या वेळी आम्ही फोटो काढला नाही. आवक शाखेच्या खिडकीशी उभं राहून आमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि क्रमांक घेतला. महिन्याच्या आत प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी ओढ्याचं पाणी बाटल्यांत भरायला गावात आले.

ओढा तोच होता, पाणीही तेच. फरक फक्त कागदात होता. ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला लेखी उत्तर देणं भाग पाडायचं, एवढंच निवेदनाचं काम. खाली जे लिहिलंय ते त्याच हिशोबानं. कारखाना असो, कंपनी असो, आमदार असो, पद्धत फारशी बदलत नाही.

आधी शोधा, किल्ली कुणाकडे आहे

आपल्याकडे सगळी निवेदनं जिल्हाधिकाऱ्यांच्या नावानं लिहायची सवय आहे. जिल्हाधिकारी कार्यालय ते पत्र "योग्य कार्यवाहीस्तव" दुसऱ्या खात्याकडे पाठवतं, तिथून ते तिसरीकडे जातं आणि यातच हंगाम संपतो. म्हणून पहिला आठवडा लिहिण्यात घालवू नका, चौकशीत घाला.

ओढ्यात मळीमिश्रित पाणी येतंय, चिमणीची काजळी कापसावर बसतेय, रात्री गावभर वास सुटतोय, असं असेल तर पत्र महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला. आपल्या मराठवाड्याचं प्रादेशिक कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे आणि त्याखाली उपप्रादेशिक कार्यालयं आहेत. आपला तालुका कोणत्या कार्यालयाखाली येतो ते फोनवर विचारून घ्या.

उसाचं बिल थकलं असेल तर साखर आयुक्त, पुणे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, मिळायला हवी, उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के दरानं व्याज द्यावं लागतं. आयुक्तांनी वसुलीचा आदेश, म्हणजे आरआरसी, काढला की मग जिल्हाधिकारी महसुली थकबाकीसारखी वसुली करतात. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यायची वेळ आरआरसीनंतर येते. आधी दिलं तर त्यांच्या हातात काहीच नसतं. प्रादेशिक सहसंचालक (साखर) यांची कार्यालयं छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडला आहेत, तिथं एक प्रत जरूर द्या. काटामारीची, म्हणजे उसाच्या वजनात केलेल्या फसवणुकीची, तक्रार मात्र वैधमापनशास्त्र विभागाकडे.

बियाणं उगवलं नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करायची आणि तालुका तक्रार निवारण समितीचा पंचनामा मागायचा. पिशवी, पिशवीवरचं लेबल आणि दुकानाची पक्की पावती हे तिन्ही जपून ठेवायचं. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून आपल्या भागातून हजारो तक्रारी गेल्या आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. ते आंदोलनाच्या आवाजानं झालं तसंच नोंदलेल्या तक्रारींच्या ढिगानंही झालं. पीक विम्याचं असेल तर विमा कंपनीला पत्र आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय तक्रार निवारण समितीला त्याची प्रत.

प्रश्न धोरणाचा असेल तर नियामक संस्था बघा. जायकवाडीच्या पाण्याचा वाद मोर्चांतून गाजला, पण वरच्या धरणांतून पाणी सोडायचं सूत्र लेखी बांधलं गेलं ते महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशात, आणि त्या आदेशामागे मराठवाड्यातल्या लोकांनी चिकाटीनं दाखल केलेल्या याचिका होत्या. जायकवाडीतला उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं, हा आकडा आज शेतकऱ्यांच्या तोंडी आहे. तो कुणाच्या भाषणातून आलेला नाही.

पुरावा: एक वही, एक अर्ज, एक बाटली

आमच्या गावात ओढ्याकाठच्या वस्तीवर एक निवृत्त गुरुजी राहतात. त्यांनी शंभर पानी वही घेतली आणि रोज सकाळी सात वाजता ओढ्यावर जाऊन एक ओळ लिहायला सुरुवात केली. त्यातल्या तीन ओळी अशा:

"ता. ११, स. ७. पाणी चहासारखं. वर पिवळट फेस. वास उग्र, वारा पश्चिमेचा."
"ता. १२, स. ७. पाणी कालच्यापेक्षा काळं. पुलाखाली मेलेले मासे, मोजले तेवढे २६."
"ता. १३, स. ७. पाणी गढूळ, वास नाही. कारखान्याचा भोंगा झाला नाही."

ही वही आमच्या निवेदनाचा कणा ठरली. "वारंवार दूषित पाणी सोडलं जातं" या वाक्याला कुणीही "आमच्या पाहणीत आढळून आलं नाही" असं उत्तर देऊ शकतं. "४३ दिवसांपैकी १७ दिवस" याला तसं उत्तर देता येत नाही. वही एकानंच लिहावी, अक्षर एकच असावं, खाडाखोड करू नये. दर आठवड्याला दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. फोटो काढताना पूल, देऊळ, विजेचा खांब असं काहीतरी ओळखीचं चौकटीत येऊ द्या, म्हणजे जागा कोणती याचा वाद राहत नाही.

दुसरा पुरावा सरकारकडूनच घ्यायचा. माहिती अधिकार कायदा २००५ नुसार १० रुपयांचा अर्ज पुरतो. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून कथा सांगू नका, कागद मागा. कारखान्याचं चालू संमतीपत्र (कारखाना चालवायला मंडळानं अटींसह दिलेली परवानगी), मागच्या दोन हंगामांतले पाहणी अहवाल, पाण्याच्या नमुन्यांचे पृथक्करण अहवाल, कारखान्याला दिलेल्या नोटिसा आणि निर्देश यांच्या प्रती मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा.

संमतीपत्र हातात आलं की ते सावकाश वाचा. कारखान्यानं रोज किती पाणी वापरायचं, किती सांडपाणी निघेल, ते कुठं आणि कसं मुरवायचं, त्यात बीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप, किती चालेल हे सगळं त्यात अटींच्या रूपात लिहिलेलं असतं. सांडपाणी ओढ्यानाल्यात सोडायचं तर बीओडीची सर्वसाधारण मर्यादा ३० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. आसवनीला, म्हणजे मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या कारखान्याला, तर बहुतेक ठिकाणी सांडपाण्याचा थेंबही बाहेर सोडता येत नाही. आम्ही पहिल्यांदा ते संमतीपत्र पारावर मोठ्यानं वाचलं तेव्हा लोक थक्क झाले. आपण ज्याला नशीब म्हणत होतो त्यातल्या बऱ्याच गोष्टी तिथं अट म्हणून लिहिलेल्या होत्या. संमतीपत्र घेणाऱ्या उद्योगाला दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्रही मंडळाला द्यावं लागतं. त्याची प्रतही मागा.

तिसरी ती बाटली. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून विहिरीचं पाणी तपासून घ्या. तुम्ही स्वतः नेलेला नमुना कारवाईसाठी कायदेशीर नमुना धरला जात नाही, तो मंडळाच्या अधिकाऱ्यानंच घ्यावा लागतो. पण तुमचा अहवाल सोबत जोडलेला असला की त्यांनी येऊन नमुना घ्यावा ही मागणी टाळणं अवघड जातं.

मजकूर: एक पान, मागण्या तीनच

जुन्या निवेदनांतलं शेवटचं वाक्य तुम्हालाही पाठ असेल: "तरी मे. साहेबांनी सदर गंभीर बाबीची तात्काळ दखल घेऊन दोषींवर कठोर कारवाई करावी, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामास प्रशासन जबाबदार राहील." यात मागणी कोणती? कठोर कारवाई म्हणजे काय? कुणी करायची, कधीपर्यंत? याला "आपले निवेदन संबंधितांकडे पाठविण्यात आले आहे" एवढं उत्तर दिलं की ते उत्तर पूर्ण होतं.

मागणी अशी लिहा की तिचं उत्तर "केलं" किंवा "केलं नाही" यापैकी एकच देता येईल. आमचा मजकूर साधारण असा होता, जागा बदलून वापरा:

प्रति,
मा. उपप्रादेशिक अधिकारी,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, ………

विषय: मौजे ……… येथील ओढा व लगतच्या ११ विहिरींचे पाणी दूषित झाल्याबाबत, नमुने घेऊन अहवाल देण्याची मागणी.

संदर्भ: १) ग्रामसभा ठराव क्र. …… दि. ……
२) ……… कारखान्याचे संमतीपत्र क्र. …… दि. ……

महोदय,
आम्ही खाली सह्या करणारे मौजे ……… येथील रहिवासी व शेतकरी आहोत. दि. …… ते दि. …… या ४३ दिवसांत आम्ही ओढ्याच्या पाण्याची रोज नोंद ठेवली. त्यापैकी १७ दिवस पाणी काळपट व उग्र वासाचे होते. नोंदवहीची प्रत, छायाचित्रे व विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल सोबत जोडला आहे. संदर्भ क्र. २ मधील अट क्र. …… नुसार सांडपाणी कारखान्याच्या आवाराबाहेर सोडता येत नाही.

आमच्या मागण्या:
१) हे निवेदन मिळाल्यापासून १५ दिवसांत ओढ्यावरील तीन ठिकाणचे व पाच विहिरींचे नमुने ग्रामस्थांच्या समक्ष घ्यावेत.
२) पृथक्करण अहवालाची प्रत ग्रामपंचायतीस द्यावी.
३) अटींचा भंग आढळल्यास कारखान्यास दिलेल्या निर्देशांची प्रत व त्यांच्या पूर्ततेची मुदत आम्हास लेखी कळवावी.

आपले विश्वासू,
(सह्यांची पाने …… सोबत)

बस, एवढंच. वैरणीचा प्रश्न, रस्ता, कारखान्यातल्या नोकऱ्या हे सगळं खरं आहे, पण ते दुसऱ्या कागदावर. एका कागदात पाच खात्यांचे प्रश्न घातले की पाचही खाती तो कागद दुसऱ्याचा समजतात.

आणि जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहा. "चेअरमननं अधिकाऱ्यांना पैसे चारले" हे गावात सगळे म्हणत असतील, पण कागदावर ते आलं की तुमचा प्रश्न बाजूला पडतो आणि अब्रुनुकसानीची नोटीस तुमच्या दारात येते.

सह्या

सह्या गोळा करायला निघालो तेव्हा वस्तीवरच्या एका मावशींनी विचारलं, "सह्या कशाला गोळा करायलाव? मागच्या बारीला कोऱ्या कागदावर अंगठा घेतला, त्याचं पुढं काय केलं म्हनलं कुनी सांगंना." त्यांचा राग रास्त होता. कोऱ्या कागदावर सही घेणं हा गावाशी केलेला दगा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. सह्यांच्या प्रत्येक पानावर वरती विषय आणि तीनही मागण्या छापा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना शब्द न् शब्द वाचून दाखवा. अंगठा असेल तर शेजारी नाव लिहून साक्षीदाराची सही घ्या. मावशींनी सगळं ऐकून घेतलं, विहिरींच्या यादीत त्यांची विहीर आहे का ते विचारलं, नव्हती म्हणून घालायला लावली आणि मग अंगठा दिला. आमच्या यादीतल्या विहिरी दहाच्या अकरा झाल्या त्या अशा.

रकाने ठेवा: अनुक्रमांक, पूर्ण नाव, वस्ती, गट क्रमांक, सही. आधार क्रमांक घेऊ नका, त्याची काही गरज नसते आणि ही पानं कुठं कुठं फिरतील ते आपल्या हातात नसतं. एकाच हस्ताक्षरातल्या सह्या किंवा बाहेरगावी असलेल्यांच्या नावानं केलेल्या सह्या नकोत. त्यातली एक खोटी निघाली की सगळी पानं संशयात जातात.

संख्येच्या मागं लागू नका. तालुक्यातून दोन हजार सह्या आणल्या तर बातमी होते, पण ज्यांच्या विहिरी त्या ओढ्याकाठी आहेत अशा साठ जणांच्या गट क्रमांकासह सह्या असल्या तर अधिकाऱ्याला त्या साठ जागा नकाशावर दिसतात.

आता एक अवघड गोष्ट, जी मनमोकळेपणी बोललीच पाहिजे. ज्याचा ऊस अजून फडात उभा आहे त्यानं कारखान्याविरुद्ध सही केली तर ऊसतोडीची टोळी त्याच्याकडे येत नाही, आली तरी शेवटी येते, तोवर वजन घटलेलं असतं. ज्याचा मुलगा तिथं रोजंदारीवर आहे त्याची भीती वेगळी. अशांना सहीसाठी गळ घालू नका आणि सही केली नाही म्हणून त्यांच्याबद्दल पारावर बोलूही नका. नावं वर्णानुक्रमे लावा, म्हणजे पहिलं नाव कुणाचं यावरून "पुढारी कोण" हे ठरत नाही. जमेल तिथं ग्रामसभेचा ठराव घ्या, कारण ठराव कुणा एकाचा नसतो. १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातली जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. विषय आधी विषयपत्रिकेत घालायला लावा आणि ठरावाची प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीच्या ग्रामसेवकाच्या) सही-शिक्क्यासह घ्या. दसऱ्यानंतर बीड, धाराशिव, जालन्याची निम्मी निम्मी गावं कोयता घेऊन बाहेर पडतात, तेव्हा ऊसतोड कुटुंबांशी संबंधित ठराव २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या पुढं ढकलू नका.

द्यायचं कसं

दोन प्रती न्या. एक त्यांची, एक तुमची. तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक. "साहेब मीटिंगला गेलेत, ठेवून जा" असं म्हटलं तर ठेवून यायचं नाही, आवक शाखेत जायचं. साहेबांची भेट झाली नाही तरी चालेल, क्रमांक मिळाला पाहिजे. त्याच दिवशी त्याच मजकुराचा ईमेल करा आणि एक प्रत पोस्टानं पाठवून पावती जपा.

लोकशाही दिनाबद्दल गैरसमज आहे. जिल्ह्याचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, पण तिथं वैयक्तिक स्वरूपाची तक्रार लागते. सामूहिक निवेदन तिथं परत येतं. ज्याची विहीर बाद झाली त्या शेतकऱ्यानं स्वतःच्या नावानं अर्ज केला तर तो चालतो.

कंपनीला लिहिताना

सहकारी साखर कारखाना असेल तर तुमच्या गावात त्याचे सभासद असतात आणि हीच सगळ्यात मोठी ताकद आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. सभेआधी अहवाल येतो. आपल्याकडे तो चाळला जात नाही, पण त्यात सांडपाणी प्रक्रियेवरचा खर्च, कर्जं, दंड शोधा. पाच-सहा सभासदांनी मिळून प्रश्न आधी लेखी द्यावा आणि तो इतिवृत्तात नोंदवावा असं पत्रातच लिहावं. सभेत माइक मिळाला नाही तरी लेखी प्रश्नाची पोच हातात राहते.

खासगी कारखान्याला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्यांना लिहायचं तर गेटवरच्या एचआरला देऊन थांबू नका. नोंदणीकृत कार्यालय आणि कंपनी सेक्रेटरी यांच्या नावानं पत्र पाठवा. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आणि बाजारमूल्यानं पहिल्या १,००० मधली असेल तर २०२२-२३ पासून तिला सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, नियमानुसार दर वर्षी जबाबदार व्यवसायाचा अहवाल जाहीर करावा लागतो. त्या अहवालात स्थानिक समुदायांकडून वर्षभरात किती तक्रारी आल्या आणि किती प्रलंबित आहेत, याचा तक्ता असतो. तुमचं पत्र त्या तक्त्यात मोजलं गेलं पाहिजे, आणि पत्राच्या शेवटी ते स्पष्ट मागा. मागच्या वर्षीच्या अहवालात "तक्रारी: शून्य" लिहिलेलं असेल आणि तुमच्याकडे पोच असेल, तर पुढचं पत्र त्याच एका मुद्द्यावर लिहा.

सीएसआरच्या, म्हणजे कंपनीनं समाजासाठी खर्चायच्या, निधीची मागणी याच पत्रात मिसळू नका. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो आणि स्थानिक भागाला प्राधान्य द्यायचं असतं, हे खरं. पण "पाणी दूषित केलंत, शाळेला रंग द्या" असा सौदा झाला की मूळ प्रश्न मिटल्यासारखा दाखवला जातो. आम्हालाही शाळेसाठी संगणक द्यायची तयारी दाखवली होती. ग्रामसभेनं ते पुढच्या वर्षावर ठेवलं. मला ते आजही बरोबर वाटतं. सहकारी कारखान्याला हा कायदा लागू नाही, तिथं हे कलम लिहू नका.

कारखाना ऐकत नसेल तर त्याची साखर कोण घेतं ते बघा. मोठ्या शीतपेय आणि बिस्किट कंपन्यांची पुरवठादारांसाठीची आचारसंहिता त्यांच्या संकेतस्थळावर असते. त्यात मजुरी, बालमजुरी, पाणी यांबद्दल वचनं दिलेली असतात. ऊसतोड मजुरांच्या बाबतीत हा रस्ता फार महत्त्वाचा आहे, कारण तिथं कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, म्हणजे टोळी पुरवणाऱ्या ठेकेदाराचे, आणि मुकादम म्हणतो उचल (आगाऊ रक्कम) मी दिली म्हणजे माझी जबाबदारी संपली. २०१९ मध्ये राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. ही आपल्या घरच्या बायांची संख्या आहे. फडावर पिण्याचं पाणी, आडोशाचं संडास आणि आजारपणात खाड्याचे (गैरहजेरीचे) पैसे न कापणं या तीन मागण्या कारखाना, साखर आयुक्त आणि साखरेचा खरेदीदार या तिघांनाही एकाच दिवशी पाठवा आणि प्रत्येक पत्रात बाकी दोघांची नावं "प्रत माहितीस्तव" म्हणून लिहा.

आमदार-खासदारांकडून काय मागायचं

"साहेब, आवाज उठवा" असं म्हणू नका. सभागृहात विचारता येईल असा प्रश्न लिहून न्या. अधिवेशनं तीन असतात: मुंबईत अर्थसंकल्पीय आणि पावसाळी, नागपुरात हिवाळी. तारांकित प्रश्नाची, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाची, सूचना बरीच आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशन जाहीर झाल्यावर नाही, त्याच्या दीड-दोन महिने आधी जा. प्रश्न असा: अमुक कारखान्याच्या सांडपाण्याचे नमुने मंडळानं कोणत्या तारखांना घेतले, त्यांचे निष्कर्ष काय, अटींचा भंग आढळला असल्यास काय कारवाई झाली, नसल्यास विलंबाची कारणे काय. तीन ओळी, सोबत माहिती अधिकारातले कागद. आमदारांच्या स्वीय सहायकाला हे तयार मिळालं की काम सोपं होतं. प्रश्न लागला नाही तर लक्षवेधी सूचनेसाठी तोच मजकूर.

मंत्र्यानं सभागृहात "महिनाभरात चौकशी करू" म्हटलं तर त्याची तारीख लिहून ठेवा. अशा आश्वासनांचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. विनंती अर्ज समितीही आहे, आणि तिच्याकडे सदस्यामार्फत नागरिकांचा अर्ज जाऊ शकतो. मतदारसंघाचे आमदार त्या कारखान्याशी संबंधित असतील, आणि आपल्याकडे ते बऱ्याचदा असतातच, तर विधान परिषदेचे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघाचे आमदार आठवा. ते सगळ्या मराठवाड्याचे असतात. तुमच्या गावात पदवीधर मतदार असतील तर ते त्यांचेही मतदार आहेत, हे पत्रात नमूद करा.

जनसुनावणी सोडू नका

मोठ्या प्रकल्पाला किंवा विस्ताराला पर्यावरण मंजुरी लागते तेव्हा, ज्यांना पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणी लागू आहे त्यांच्यासाठी, किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना येते. प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत पाहायला मिळतो. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी असतात आणि सगळ्याचं चित्रीकरण होतं. इथं लोक ओरडून थकतात आणि इतिवृत्तात "ग्रामस्थांनी पाठिंबा दिला" एवढंच राहतं. म्हणून हरकत लेखी द्या, पोच घ्या, आणि बोलताना पहिलं वाक्य हेच म्हणा: "माझी लेखी हरकत दिली आहे, ती इतिवृत्तात घ्यावी." कामकाज संपताना मुद्द्यांचा गोषवारा मराठीत वाचून दाखवावा लागतो. तोपर्यंत थांबा. जेवणाच्या मंडपाकडे गर्दी वळते ती नेमकी तेव्हाच. तुमचा मुद्दा राहिला असेल तर तिथंच उभं राहून सांगा.

ऑनलाइन याचिकांविषयी थोडक्यात: पुण्या-मुंबईत गेलेल्या पोरांना जोडून घ्यायला आणि कंपनीच्या नावाची चर्चा व्हायला त्या उपयोगी पडतात. पण कुठल्याही कार्यालयाला तिचं उत्तर द्यायचं बंधन नसतं, तेव्हा ती कागदी निवेदनाच्या जोडीला ठेवा.

दिल्यानंतर

खरं काम इथून सुरू होतं. १५ दिवसांनी स्मरणपत्र, त्यात मूळ आवक क्रमांक. महिना झाला की माहिती अधिकाराचा अर्ज, आणि त्यात एवढंच: "माझ्या दि. …… च्या आवक क्र. …… च्या निवेदनावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीची माहिती व संबंधित टिपणीच्या प्रती द्याव्यात." फाइल कुणाच्या टेबलावर किती दिवस पडली, कुणी काय शेरा मारला ते टिपणीत दिसतं. माझ्या अनुभवात हलली नाही ती फाइल या अर्जानं हलते, कारण तिच्यावर आता कुणाचं तरी नाव येणार असतं.

तरीही काही झालं नाही तर पर्यावरणाचे दावे चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागीय पीठ पुण्याला आहे. तिथं अर्ज दाखल करायला साधारण सहा महिन्यांची मुदत असते, नुकसानभरपाईसाठी पाच वर्षांची. म्हणून वहीतली पहिली तारीख महत्त्वाची, आणि स्मरणपत्रं लिहिण्यात वर्ष घालवू नका. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना तिथं मोफत वकील मिळतो. ओढ्याकाठच्या विहिरींपैकी काही बायांच्या नावावर असतील तर अर्जदार त्यांनाच करा.

जे काही उत्तर येईल, होकाराचं किंवा नकाराचं, ते पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवा आणि फलकावर लावा. सही करणाऱ्याला आपल्या सहीचं काय झालं ते कळलं पाहिजे. आमच्याकडे नमुन्यांचा अहवाल आला तेव्हा मी तो आधी मावशींच्या अंगणात वाचला. कारखान्याला निर्देश गेले आहेत, साठवण तलावाला अस्तर घालायचं काम चालू आहे, विहिरींचं पाणी अजून पिण्याजोगं झालेलं नाही आणि टँकरची मागणी वेगळ्या निवेदनात दिली आहे. गुरुजींची पहिली वही संपली. दुसरी ग्रामपंचायतीच्या खर्चातून घेतली, आणि आता सकाळी सातला त्यांच्याबरोबर सातवीतल्या दोन मुली ओढ्यावर जातात. तारीख, रंग आणि वास त्या लिहितात, सही गुरुजी करतात.